आधी बोलणाऱ्याची जोडी



कवीला रेडिओवर बोलावलं की तो कवितेविषयी बोलणार, असं आपण धरून चालतो. आज मी पत्त्यांविषयी बोलणार आहे. हातात चांगलं पान आहे, पण बोलायची पाळी आपली पहिली आहे, अशा वेळी माणसाने काय करावं, एवढाच आजचा विषय.

आमच्या घरात पत्त्यांना जागा नव्हती. अब्बा भोरला छोटंसं दुकान चालवत. कुराणात दारू आणि जुगार या दोघांना एकाच आयतीत मनाई आहे, आणि अब्बांच्या लेखी पत्त्यांचा जोड म्हणजे त्यातल्या दुसऱ्या गोष्टीचा दरवाजा. मी पत्ते शिकलो ते आळीतल्या गणपतीच्या मांडवात, जागरणाच्या रात्री. मेंढीकोट, झब्बू, पाच-तीन-दोन. एका रात्री अब्बा मला शोधत तिथे आले. सतरंजीवर पैसे नाहीत, चिंचोके आहेत, हे त्यांनी नीट वाकून पाहिलं आणि म्हणाले, "हे असंच राहू दे." तेव्हापासून मी पुष्कळ खेळलो, पण चिंचोक्यांवरच.

दोन-एक वर्षांपूर्वीच्या आषाढातली गोष्ट. माझी थोरली बहीण वेल्ह्याकडे, तोरण्याच्या पायथ्याच्या एका गावात राहते. तालुक्याला आता राजगड हे नाव मिळालं आहे, पण एसटीत तिकीट मागताना माझ्या तोंडातून अजून वेल्हंच निघतं. भोरहून कापूरहोळ, नसरापूर, मार्गासनी करत मी पोचलो तेव्हा भाताची लावणी नुकतीच उरकली होती. पाऊस असा की समोरचा तोरणा तीन दिवस कुणाला दिसला नव्हता. वीज गेलेली. घरात दुल्हेभाई, पुण्याहून आलेला भाचा, शेजारचे आबा, म्हणजे एसटीतून निवृत्त झालेले ड्रायव्हर, आणि शाळेतून निवृत्त झालेले एक गुरुजी. कंदील मध्ये ठेवला आणि भाच्याने जोड काढला.

"मामू, आज तीन पत्ती नको. एक नवीन खेळ शिकवतो," तो म्हणाला.

खेळाचं नाव होल्डेम. पोकरचाच हा एक प्रकार. प्रत्येकाला दोन पानं मिळतात, ती झाकून ठेवायची. मग मध्ये सगळ्यांच्या मालकीची पाच पानं उघडतात. आधी तीन एकदम, मग एक, मग शेवटचं एक. आपली दोन आणि मधली पाच, या सातांतून उत्तम पाच पानांचा हात लावायचा. पानं उघडण्याआधी एकदा, आणि मग प्रत्येक उघडीनंतर एकदा, अशा चार फेऱ्या चाल होते. आपली पाळी आली की चाल द्यायची, वाढवायची, पान टाकून पॅक व्हायचं, किंवा आपल्यापर्यंत कुणी चाल दिली नसेल तर नुसतं पास म्हणायचं.

याचे दोन प्रकार आहेत. एकात कितीही लावता येतं. दुसऱ्यात मर्यादा असते. आम्ही मर्यादेचा खेळलो. पहिल्या दोन फेऱ्यांत चाल दोन चिंचोक्यांची, पुढच्या दोन फेऱ्यांत चारची. वाढवायचं तेही तेवढ्याच मापाने, आणि एका फेरीत फार तर तीन वाढी. कुणाला एका दमात सगळा डबा पुढे सरकवून समोरच्याला घाबरवता येत नाही.

आता तीन पत्तीत जोडी म्हणजे बऱ्यापैकी पान. शंभर डावांत सतराएक वेळा ती येते. इथे दोनच पानं, त्यामुळे जोडी सतरा डावांत एकदा. त्यातही राण्यांचीच जोडी हवी म्हणाल, तर दोनशे एकवीस डावांत एकदा. त्या रात्री ती मला आली. बदामची राणी आणि इस्पिकची राणी.

पत्ते भाच्याने वाटले होते. त्याच्या शेजारी मी, मग आबा, मग गुरुजी, मग दुल्हेभाई, आणि शेवटी पुन्हा भाचा. या खेळात वाटणाऱ्याच्या शेजारच्या दोघांना पानं न बघताच काही लावावं लागतं. मी एक चिंचोका लावला, आबांनी दोन. त्यामुळे पहिल्या फेरीत बोलायला सुरुवात गुरुजींनी केली. पण पुढच्या तिन्ही फेऱ्यांत पहिली पाळी माझी. म्हणजे बाकी चौघं माझं बोलणं ऐकून मग आपलं ठरवणार, आणि मी मात्र कुणाचंच न ऐकता बोलणार. भाच्याचं उलट. तो सगळ्यांत शेवटी.

गुरुजी दोन देऊन आले, दुल्हेभाई आले, भाच्याने चार केले. माझ्या हातात राण्या! मी सहा केले. मला वाटलं, आता दोन-तीन जण गळतील. एकही गळला नाही. आमच्याकडे पावसाळ्यात पत्ते खेळायला बसलेला माणूस पान टाकत नाही. टाकून जाणार कुठे? मध्ये तीस चिंचोके जमले.

तीन पानं उघडली. दश्शी, सत्ती, तिर्री. राणीच्या वरचं एकही नाही. हेही नशीबच. राण्या हातात असताना पहिल्या तीन पानांत एक्का किंवा राजा पडण्याची शक्यता शंभरात एक्केचाळीस असते. गुलामांची जोडी असेल तर वरचं पान शंभरात सत्तावन्न वेळा पडतं. राजांची असेल तर एक्का तेवीस वेळा.

माझी पाळी. मी छातीठोकपणे दोन चिंचोके टाकले. आबा आले, गुरुजी आले, दुल्हेभाई आले, भाचाही आला. मध्ये चाळीस. चौथं पान दुर्री. मी चार टाकले. आबा आणि दुल्हेभाई पॅक झाले, गुरुजी आणि भाचा राहिले. बावन्न. शेवटचं पान नव्वी. मी पुन्हा चार टाकले. गुरुजींनी चष्मा वर केला, आठ मोजले आणि हळूच पुढे सरकवले. भाच्याने पानं खाली ठेवली. मी आणखी चार देऊन गुरुजींची पानं बघितली. गुलाम आणि अठ्ठी. सत्ती, अठ्ठी, नव्वी, दश्शी, गुलाम. सरळ पाच. अडुसष्ट चिंचोके गुरुजींच्या टोपीत गेले. त्यांतले वीस माझे.

मला रागच आला. "गुरुजी, तुम्हांला फक्त नव्वी हवी होती. जोडात नव्व्या चार. एवढ्याशा आशेवर तुम्ही दोनदा थांबलात?"

गुरुजी शांतपणे म्हणाले, "कवी, तुम्ही दोन चिंचोके मागितलेत आणि समोर चौतीस पडले होते. दोनात चौतीस मिळत असतील तर मी कशाला उठू?"

गुरुजींनी आयुष्यभर गणित शिकवलेलं. तीन पानं उघडल्यावर न दिसलेली पानं सत्तेचाळीस. त्यांतली चार त्यांच्या कामाची, त्रेचाळीस बिनकामाची. म्हणजे एकास जवळजवळ अकरा. आणि ढिगाने त्यांना देऊ केलं होतं एकास सतरा. पुढच्या फेरीतही तेच. चार द्यायचे, समोर चव्वेचाळीस, एकास अकरा. त्यांच्या विरुद्धची शक्यता एकास साडेदहा. त्यांनी आशेवर खेळलं असं मला वाटत होतं. ते हिशेबाने खेळले होते. आशेवर मीच होतो.

भाच्याने पानं गोळा केली आणि तोच डाव पुन्हा मांडला.

"मामू, तुझी जोडी चांगली होती. जागा वाईट होती," तो म्हणाला. "आणि मर्यादेच्या खेळात आधी बोलणाऱ्याच्या हातात एकच हत्यार असतं. ते तू वापरलं नाहीस."

"कुठलं?"

"गप्प बसणं."

त्याचं म्हणणं असं. पहिल्या फेरीत भाच्याने वाढवलं होतं, म्हणजे तो जोरात होता. (त्याच्याकडे एक्का आणि राजा होते, हे त्याने नंतर दाखवलं.) तेव्हा मी सहा न करता नुसते चार पुरे केले असते, तर मध्ये तीसऐवजी वीस राहिले असते. तीन पानं उघडल्यावर मी पास म्हणालो असतो, तर आबा, गुरुजी, दुल्हेभाई बहुतेक पासच म्हणाले असते, आणि जोरातला भाचा शेवटी दोन टाकून बसला असता. मग पाळी फिरून माझ्याकडे. आता मी चार करायचे. म्हणजे मधल्या तिघांना एक चाल नव्हे, एकदम दोन चाली द्याव्या लागतात, आणि मागे भाचा पुन्हा वाढवेल ही धास्ती वेगळीच. गुरुजींपुढे प्रश्न येतो, सव्विसासाठी चार द्यायचे का? एकास साडेसहा. अकराच्या जागी साडेसहा मिळत असेल तर गणिताचा मास्तर उठतो.

"म्हणजे मी आधी वाढवलं, ही चूक?" मी विचारलं.

"चूक असंही नाही," भाचा म्हणाला. "चांगली जोडी असताना ढीग मोठा करणं हे योग्यच. शंभर वेळा खेळलास तर त्यात फायदाच आहे. पण ढीग मोठा केलास की माणसं हलत नाहीत, कारण प्रत्येकाला थोडक्यात खूप दिसायला लागतं. माणसं हलवायची असतील तर ढीग लहान ठेवावा लागतो. आधी बोलणाऱ्याला या खेळात दोन्ही मिळत नाहीत, मामू. तू आधी ढीग मोठा केलास आणि मग माणसं जावीत म्हणून दोन चिंचोके टाकलेस. दोन चिंचोक्यांनी कोण जातो?"

मी पुढे विचारलं, पास म्हटलं आणि भाच्यानेही पास म्हटलं तर? तो म्हणाला, "मग सगळ्यांना पुढचं पान फुकट दिसतं. ती जोखीम आहेच. गप्प बसणं फुकट नसतं."

माणसांच्या गर्दीने जोडीचं काय होतं, याचे आकडेही त्याने सांगितले. एक्क्यांची जोडी, जिच्यावर दुसरी जोडी नाही, ती एका माणसाविरुद्ध शंभरात पंच्याऐंशी वेळा जिंकते. चौघांविरुद्ध छप्पन्न वेळा. आणि नऊ जण शेवटपर्यंत राहिले तर फक्त एकतीस वेळा. पानं तीच. फक्त सोबत बसलेली माणसं वाढली.

आणि राजा पडला असता तर, हेही मी विचारलं. मर्यादेचा खेळ इथे उपकारी आहे, असं त्याचं मत. चार जण मागे असतील आणि राजा पडल्यावर एकाने चाल दिली, दुसऱ्याने वाढवली, तर राण्या निमूट ठेवून द्याव्या. समोर एकच जण असेल तर मात्र प्रत्येक राजाला भिऊन उठू नये. उलट शेवटी मी गुरुजींना जे चार चिंचोके देऊन पानं बघितली, ती चूक नव्हती, असं तो म्हणाला. चौसष्टासाठी चार. सतरांत एकदा जरी माझं पान वरचढ निघालं असतं, तरी हिशेब बरोबरीत सुटला असता. मोठ्या ढिगापुढे रागाने पान टाकणं हे चार चिंचोक्यांपेक्षा महाग पडतं.

हे सगळं केवळ भाच्याचं म्हणणं नाही. कॅनडातल्या अल्बर्टा विद्यापीठाच्या संशोधकांनी २०१५ च्या जानेवारीत 'सायन्स' या नियतकालिकात जाहीर केलं, की दोन माणसांचा मर्यादेचा होल्डेम त्यांच्या संगणकाने जवळपास सोडवला आहे. चार हजार आठशे प्रोसेसर दोन महिन्यांहून अधिक काळ राबत होते. त्यातून निघालेली एक गोष्ट मला फार महत्त्वाची वाटते. दोघंही अगदी निर्दोष खेळले, तरी ते बरोबरीत सुटत नाहीत. पानं वाटणारा, म्हणजे पहिली फेरी सोडली तर पुढे कायम शेवटी बोलणारा, तोच नफ्यात राहतो. शंभर डावांमागे पाहिलं तर न बघता लावायच्या मोठ्या रकमेच्या जवळजवळ नऊपट. पानं दोघांना सारखीच येतात. फरक पडतो तो फक्त आधी आणि नंतर बोलण्याचा.

मी म्हटलं, "तुला एवढं सगळं कुठून ठाऊक?"

तो जरा थांबला. बहीण आत चुलीपाशी होती. हळू आवाजात म्हणाला, "हा हिशेब मला फुकट आलेला नाही, मामू." नोकरीच्या पहिल्या वर्षी तो मोबाइलवर पैसे लावून खेळत असे. किती गेले ते त्याने सांगितलं आणि मी कुणाला सांगितलं नाही. आजही फक्त एवढंच सांगतो आहे, आणि तेही त्याला विचारून. तो म्हणाला, "गणित सगळं येत होतं. पण मी जिथे बसलो होतो ती जागाच अशी होती की समोरचा कायम माझ्यानंतर बोलत होता. तो थकत नव्हता, आणि मी रात्री दोन वाजता थकलेला असायचो." पुढे २०२५ च्या ऑगस्टमध्ये संसदेने पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन खेळांवर बंदी घालणारा कायदा केला. रमी हा प्रामुख्याने कौशल्याचा खेळ आहे, असं सर्वोच्च न्यायालयाने १९६७ साली म्हटलं होतं, आणि कौशल्य की नशीब हा वाद आपल्याकडे वर्षानुवर्षं चालू राहिला. माझ्यापुरता तो अब्बांनी सतरंजीपाशी वाकून कधीच मिटवला होता. कौशल्य असेना का. चिंचोक्यांवर शिका.

श्रोतेहो, त्या रात्री मला झोप आली नाही, ती मात्र वीस चिंचोक्यांमुळे नव्हे.

त्याच गावात अब्बांनी घेतलेला जमिनीचा एक तुकडा आहे. माझा आणि बहिणीचा. त्यातला निम्मा आम्ही काही वर्षांपूर्वी विकला. रस्त्याला लागून, समोर तोरणा, अंगाला राजगड. पुण्याच्या माणसाला हवी असते तशी जागा. घेणारा गृहस्थ ओटीवर बसला, चहा घेतला आणि म्हणाला, "तुम्हीच बोला." मला वाटलं, आपल्या हातात राण्या आहेत. मी आकडा बोललो. मोठा बोललो. तो हसला आणि "बघू" म्हणाला. आठ दिवसांत माझा आकडा अख्ख्या पंचक्रोशीत झाला. दोन मध्यस्थ आले, एक लांबचा चुलता आपला हिस्सा आठवून आला, एकाला अचानक बांध सरकल्याचं दिसलं. कुणाचंच फारसं काही लागलेलं नव्हतं. एखादी फेरी, एखादा अर्ज, एक चहा. थोडक्यात खूप दिसत असेल तर कोण उठतो? इकडे बहिणीच्या ऑपरेशनची तारीख जवळ आली होती, आणि ती त्या गृहस्थाला माझ्याआधी कळली असावी. शेवटी माझ्या आकड्याच्या बऱ्याच खाली व्यवहार झाला. मी इतकी वर्षं त्याला लबाड म्हणत आलो. तो लबाड नव्हता. तो माझ्यानंतर बोलला, एवढंच.

मला आमच्याकडचा जनावरांचा बाजार आठवला. बैलाचा सौदा करताना दोघं जण उपरण्याखाली हात घालतात आणि बोटांनी भाव बोलतात. लहानपणी मला ते गूढ वाटायचं. आता कळतं, की ज्या कुणी ती रीत पाडली, त्याला हे दुखणं ठाऊक होतं. आधी बोललेला भाव चारचौघांत पडला की तो बोलणाऱ्याचा राहत नाही. उपरण्याखाली तो दोघांपुरता राहतो, आणि सौदा फिसकटला तरी बैलाची किंमत बाजारात पडत नाही.

त्याच वर्षी दिवाळीनंतर राहिलेल्या निम्म्या तुकड्यासाठी दुसरे एक गृहस्थ आले. तीच ओटी, तसाच चहा. "तुम्हीच बोला," ते म्हणाले. बहिणीने माझ्याकडे पाहिलं. मी म्हटलं, "साहेब, आम्हांला घाई नाही. तुमच्या मनात काय आहे ते ऐकू." तेही काही बोलले नाहीत. त्यांनी तोरण्याकडे पाहिलं, मी त्यांच्या मोटारीकडे पाहिलं. चहा संपला. "कळवतो," म्हणून ते गेले.

त्यांचा निरोप आलेला नाही. म्हणजे मी पास म्हणालो आणि तेही पास म्हणाले. याची किंमत नाही असं नाही. बहिणीच्या घराचं छप्पर त्या पैशांत झालं असतं, ते अजून गळतं. गप्प बसणं फुकट नसतं, हे भाच्याने आधीच सांगून ठेवलं होतं. मी बहिणीला विचारलं, "चुकलं का माझं?" ती म्हणाली, "विकली नाही, याचं दुःख नाही. आधीची विकली तेव्हा आपण बोललो फार, त्याचं आहे." गेल्या पावसाळ्यातही तिने तिथे भात लावलं.

पत्ते अजून होतात. पाऊस लागला, वीज गेली, की गुरुजी टोपी घालून येतात. मी आता चांगलं पान आलं की लगेच वाढवत नाही. आधी बघतो, मी कुठे बसलो आहे, माझ्यामागे किती जण बोलायचे राहिलेत, आणि मला ढीग मोठा हवा आहे की माणसं कमी. कधी वाढवतो, कधी पास म्हणतो. अजूनही हरतो. गुरुजींना नव्वी अजूनही लागते.

खेळ संपला की चिंचोके मोजून बहिणीच्या बरणीत परत जातात. ती मोजून घेते.

(रेडिओवरील भाषणाचा संपादित भाग)